पित्त मोजणाऱ्या बाई

बाईंनी माझं नुकसान केलं. हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. एका कागदावर एक वाक्य लिहायचं होतं, तेवढं त्यांनी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर माझ्या आईचं चित्र छापलेली बाटली आज औषधांच्या दुकानांत दिसली असती. आई आता नाही. बाई कुठे आहेत ते मला माहीत नाही. मी धंद्यात रोज कुणाशी तरी भांडतो, पण समोरचा कुठे येऊन थांबणार हे मला तोंड उघडण्याआधीच दिसत असतं. बाई कुठे थांबतील हे मला एकदाही दिसलं नाही, आणि तसं भांडण त्यानंतर माझ्या वाट्याला आलं नाही.

भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या गाळ्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती. मालक दुसराच कोणी होता, तो महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. लहानसहान औषध कंपन्या आपली टॉनिकं तिथे तपासायला देत. बाटलीवर लिहायचं असतं की यकृताचं काम सुधारतं, पित्त मोकळं होतं, कावीळ बरी होते. ते खरंच होतं का, हे कोणीतरी बघायला लागतं. ते बघणं हे बाईंचं काम. उंदराचं यकृत पाव तासात किती पित्त बनवतं, ते त्या मोजायच्या. आयुष्यभर त्यांनी तेवढंच केलं. आधी परळच्या एका कॉलेजात, आणि गिरगावातली खोली भावाला देऊन मीरा रोडला आल्यावर इथे. खालचे पॉलिशवाले त्यांना चूहेवाली मॅडम म्हणत. त्यांना ते माहीत होतं. जिन्यात कोणी नवीन माणूस घुटमळताना दिसला तर त्या स्वतःच वरून सांगायच्या, "चूहेवाली मॅडम इधर है."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो भुसा घेऊन. माझ्या बापाने मिठागरात पाय झिजवले. मला ते करायचं नव्हतं, म्हणून मी लाकडाच्या वखारींतून भुसा उचलायला लागलो. कोणाला बर्फावर टाकायला लागतो, कोणाला काचसामान बांधायला. उंदरांच्या पिंजऱ्यात अंथरायलाही लागतो असं कळलं आणि मी दोन पोती पाठीवर घेऊन जिना चढलो. बाई बारीक, उंच, हिरव्या सुती साडीत, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी पोत्यात हात घातला, मूठभर भुसा नाकाशी नेला आणि म्हणाल्या, परत न्या.

मला कारण कळेना. भुसा कोरडा होता, स्वच्छ होता, सोनेरी होता. मी म्हटलं, मॅडम, याहून चांगला माल भाईंदरमध्ये मिळणार नाही. त्या म्हणाल्या, वास येतोय. मी म्हटलं, चांगला वास आहे, देवदाराचा आहे. त्या म्हणाल्या, तेच. देवदाराच्या वासाने उंदराचं यकृत जास्त काम करायला लागतं. मग मी जे मोजेन ते औषधाचं नसेल, तुमच्या भुशाचं असेल.

मला वाटलं भाव पाडायची ही नवीन तऱ्हा आहे. अशी तऱ्हा मी तोवर पाहिली नव्हती, म्हणून मनातून थोडं कौतुकही वाटलं. मी भावात उतरलो. त्यांनी मान हलवली. आणखी उतरलो. त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं. मी बाहेर उभा राहून पाच मिनिटं ओरडत होतो आणि खालचे पॉलिशवाले मशीन बंद करून ऐकत होते. तेवढ्यात दार उघडलं. बाईंनी एक मूठ भुसा कागदावर पसरून आणला होता. त्यातले तांबूस आणि पिवळट कण त्यांनी चिमट्याने वेगळे केले होते. म्हणाल्या, हा नको आणि हा चालेल. आता ओरडा.

मी पेणकरपाड्याच्या एका वखारीत जाऊन साध्या, बिनवासाच्या लाकडाचा भुसा वेगळा धरायला सांगितला. ती वखार पुढे माझ्या हातात आली. आज माझी तीन गोडाऊन आहेत आणि माणसं मला माल पारखणारा म्हणून ओळखतात. पारखायला मी त्या कागदावर शिकलो. हे मी बाईंना कधी सांगितलं नाही. त्या मला शेवटपर्यंत भुसेवाले म्हणत राहिल्या.

प्रयोगाच्या दिवशी त्यांच्याशी बोलणं म्हणजे कसरत होती. उंदराला सुई देऊन झोपवायचं, पोटाला लहानशी चीर द्यायची, यकृतातून येणाऱ्या नलिकेत केसापेक्षा जराशी जाड प्लास्टिकची नळी सरकवून दोऱ्याने बांधायची. मग नळीच्या टोकातून पित्त थेंब थेंब खालच्या कुपीत पडत राहतं. हळदीपेक्षा गडद आणि मधापेक्षा पातळ. दर पंधरा मिनिटांनी कुपी बदलायची. भरलेली कुपी तोलायची, रिकामीचं वजन आधीच घेतलेलं असतं, राहिलं ते पित्त. थेंबांचा आकार डोळ्यांना फसवतो म्हणून त्या वजनावरच भरवसा ठेवायच्या. त्यामुळे बाई कोणतंही वाक्य बोलत असल्या तरी पंधरावं मिनिट आलं की मध्येच उठून जायच्या. परत आल्या की त्याच शब्दापुढून बोलायला लागायच्या. समोरच्याला आपण काय विचारलं होतं तेही आठवत नसायचं. एकदा मी कशावरून तरी तावातावाने बोलत होतो. त्यांनी हात वर केला. "थांबा. तुमचा राग चार मिनिटांनी पुढे चालू करा." चार मिनिटांनी त्या आल्या, खुर्चीवर नीट बसल्या आणि म्हणाल्या, हं. मला हसू आलं. माझा राग असा कोणी आजवर मोडला नव्हता.

तराजूची खोली वेगळी, बंद दाराची. आत पंखा लावायचा नाही, जोरात श्वास सोडायचा नाही. त्या खोलीत मी एकदा शिंकलो तर त्यांनी माझ्या शिंकेची वेळ वहीत लिहून ठेवली. अंदाजे हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. मीरा रोडला बेव्हर्ली पार्कच्या बाजूला तेव्हा इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या, तिथे त्यांचा एका खोलीचा फ्लॅट होता. तिथला भाजीवाला मला सांगायचा, आपकी मॅडम पूछती है मेथी कितने बजे काटी. प्रयोगाच्या दिवशी त्या स्वतः काही खात नसत. उंदीर पुन्हा उठत नाहीत. संध्याकाळी त्याच झोपेत त्यांना पुढे पाठवायचं असतं. ते झालं की बाई प्रत्येकाचा नंबर मोठ्याने वाचायच्या, एकापासून शेवटपर्यंत, हजेरी घेतल्यासारखा, आणि मग हात धुऊन चहा टाकायच्या. नखं पिवळी असायची. साबणाने जात नसत.

उंदराला पित्ताची पिशवीच नसते, हे मला त्यांच्याकडून कळलं. माणूस पित्त साठवतो, लागेल तसं सोडतो. उंदराचं बनेल तसं लगेच बाहेर येतं. म्हणून मोजायला उंदीर बरा. बाई मला म्हणाल्या, हा तुमच्यासारखा नाही, गोडाऊनमध्ये दडवून ठेवत नाही. मी म्हटलं, म्हणूनच तुमच्या हातात सापडतो.

आता मुख्य गोष्ट.

आमचं घर भाईंदरमधल्याच खारी गावात. आई काविळीचं औषध द्यायची. तिच्या आईपासून आलेलं. एका पाल्याचा रस, ताकात, सकाळी उपाशीपोटी, तीन दिवस. भाईंदर, काशीमिरा, पार वसईपर्यंतची माणसं आमच्या ओट्यावर डोळे पिवळे करून बसलेली असायची. आई रस द्यायची आणि त्याच्याबरोबर पथ्य सांगायची, तेल नाही, तूप नाही, काम नाही, पंधरा दिवस गोधडीत पडून राहायचं, वारा लागू द्यायचा नाही. दक्षिणा काही घ्यायची नाही. मला लहानपणापासून ते बघवत नव्हतं. लोक बरे होऊन जात आणि आम्ही मिठागरातच.

म्हणून हातात जरा बळ आल्यावर मी तो रस बाटलीत भरायचं ठरवलं. मुंबईची एक मध्यम कंपनी तयार झाली. माल मी द्यायचा, विकायचा त्यांनी. त्यांची एकच अट होती, या औषधाने पित्त वाढतं असा प्रयोगशाळेचा कागद हवा. मी गाळा घेतला, बाटल्या घेतल्या, फोटोवाल्याला बोलावून आईला नऊवारीत बसवलं आणि लेबल काढून घेतलं. आई म्हणाली, माझा थोबाड बाटलीवर कशाला? मी म्हटलं, लोकांनी ओळखायला नको का तुला?

बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, सोळा उंदीर लागतील, आठ औषधाचे, आठ साध्या पाण्याचे. मी म्हटलं, आठात करा. त्यांनी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, बरं, आठात करू. मला आनंद झाला. मग म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात आणखी आठ.

जानेवारी होता. पहिल्या आठांच्या दिवशी आई हट्टाने माझ्याबरोबर आली. तिचं औषध कोण घेतंय हे तिला बघायचं होतं. उंदीर दिसल्यावर ती परत फिरेल असं मला वाटलं होतं, पण ती स्टुलावर बसली आणि चौघांना हिरवा रस दिला जाताना एकटक बघत राहिली. उंदीर दोन रांगांत निजलेले, प्रत्येकाच्या वर एक दिवा लोंबत होता. झोपवलेल्या उंदराचं अंग पटकन गार पडतं, म्हणून तो दिवा. बाई दर पंधरा मिनिटांनी कुप्या घेऊन तराजूच्या खोलीत जात, येत. मी नंबर लिहून घ्यायला बसलो होतो.

दुपारी वीज गेली. खाली मशिनं थांबली, वर दिवे विझले. खिडक्यांच्या फटींतून खाडीवरचा वारा येत होता. बाईंनी एकदा दिव्यांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि कुप्या घेऊन आत गेल्या, कारण वेळ झाली होती. त्यांनी दार लावलं आणि आई उठली. टेबलावर कापसाचा गठ्ठा होता. तो तिने फाडला आणि रस दिलेल्या चौघांच्या अंगाखाली, बाजूने, नळीला धक्का न लावता, बाळंतिणीच्या पोरासारखा लपेटला. मी बघत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आई घरी हेच करायची.

बाई बाहेर आल्या आणि थबकल्या.

आई म्हणाली, "कावीलवाल्याला मी वारा लागू देत न्हाय, बाय."

बाईंनी आईकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या कुप्या लावायला लागल्या. मला बाईंची जेवढी ओळख आहे, त्यात हा एकच क्षण मला कधी उलगडला नाही. तराजूच्या खोलीत शिंक लिहून ठेवणारी बाई, आणि तिने कापूस तसाच राहू दिला.

संध्याकाळी आकडे मी जोडत होतो. रसाचे चारही पाण्याच्या चारांपेक्षा पुढे होते, थोडेथोडके नाहीत, चांगलेच. आईला तिथेच सांगितलं. ती म्हणाली, मग काय तर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढे घेऊन जिना चढलो.

बाईंनी पेढा घेतला नाही. म्हणाल्या, हे आठ रद्द.

त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. वीज गेल्यावर त्यांनी दर वेळी प्रत्येक उंदराचं तापमान घेतलं होतं. पाण्याचे चार उघड्यावर होते, ते गार पडत गेले. रसाचे चार कापसात होते, ते ऊबदार राहिले. गार यकृत सुस्तावतं, पित्त कमी बनवतं. वीज होती तोवर आठही सारखेच चालले होते, हे आकड्यांत स्वच्छ दिसत होतं. फरक पडला तो वीज गेल्यानंतर. त्या म्हणाल्या, चूक माझी. मी त्यांना थांबवायला हवं होतं, किंवा सगळ्या आठांना कापूस लावायला हवा होता. मी थांबवलं नाही.

मी बोलायला लागलो. मी खूप चांगला बोलतो, भाईंदरमध्ये कोणालाही विचारा. मी म्हटलं, कागदावर आकडे द्या, खाली लहान अक्षरांत लिहा की कापूस होता. त्या म्हणाल्या, माझ्या टाईपरायटरला लहान अक्षरं नाहीत. मी म्हटलं, वाढतं असं लिहू नका, वाढताना दिसलं असं लिहा. त्या म्हणाल्या, दिसलं मला नाही, तुम्हाला. मी म्हटलं, निदान अजून आठ करा आणि सोळांचा मिळून एक आकडा काढा. त्या म्हणाल्या, अजून सोळा करणार आहे, पण हे आठ त्यात नाहीत. मी एकेक पायरी उतरत होतो. त्या जिथे होत्या तिथेच होत्या. अर्धा तास झाला, माझ्याकडे उतरायला काही राहिलं नाही, आणि मग माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "तुमच्या घरी वाट बघणारं कोण आहे, म्हणून तुम्हाला माणसांची पोटं कळणार?"

खाली मशीन चालू होतं तरी ते खालपर्यंत गेलं असावं, कारण मशीन थांबलं.

बाई म्हणाल्या, "हे बरोबर आहे. पण त्याने आकडा बदलत नाही."

मी पेढ्यांचा पुडा तिथेच टाकून उतरलो. बाई तिथे असेपर्यंत पुन्हा तो जिना चढलो नाही. भुसा दुसऱ्या माणसाच्या हाती पाठवत राहिलो. तो बंद केला नाही, एवढं माझ्या बाजूने लिहायला हरकत नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी सोळा उंदरांवर प्रयोग पुन्हा केला. सोळाही दिव्याखाली, सोळाही कापसात. कागद टपालाने आला. पित्ताच्या प्रमाणात फरक आढळला नाही. कंपनीने कळवलं की ते दुसरीकडे बघत आहेत. बाटल्या मी एका सरबतवाल्याला दिल्या. लेबलांचा गठ्ठा आईने चूल पेटवायला घेतला, स्वतःच्या तोंडाकडे न बघता.

आईला हे कसं सांगायचं याचीच मला धास्ती होती. पन्नास वर्षं जे दिलं, ते पाण्याइतकंच. पण मी सांगायच्या आधीच तिला कळलेलं होतं. बाई स्वतः खारीत येऊन गेल्या होत्या. आईला वाचता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून कागदाऐवजी त्या आल्या. मी गोडाऊनवर असताना, भर दुपारी, रिक्षा करून. ओट्यावर बसून त्यांनी आईला सगळं सांगितलं, कापसाचंही.

आईने मला ते जेवताना सांगितलं. रागावलेली अजिबात नव्हती. बाईंना ती म्हणाली होती की पित्त वाढतं असं मी कवा म्हंटलं? "पाला द्येतंय म्हून मान्सा पंधरा दीस पडून ऱ्हातान, बाय. नुसता पडून ऱ्हा म्हंटला तं कोन ऐकतंय?" हे ऐकून बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, असं आई म्हणाली. मग बाईंनी तिला विचारलं, गोधडी कसली, किती जाड, कान झाकायचे की नाही. सगळं लिहून घेतलं.

त्यानंतर बाई दर शुक्रवारी खारीत यायला लागल्या. शुक्रवारी प्रयोग नसायचा. आई त्यांच्यासाठी सुक्या बोंबलाची चटणी करून ठेवायची. मला हे शेजाऱ्यांकडून कळलं. मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्याशी भांडलेली बाई माझ्याच ओट्यावर बसते आणि माझी आई तिला भाकरी वाढते, हे मला बोचत होतं. आजही बोचतं.

कागदाचा नाद मी सोडला नव्हता. मुंबईत अंधेरीला एक मोठी प्रयोगशाळा आहे असं एकाने सांगितलं. मी रसाची बाटली घेऊन गेलो. तिथे थंडगार केबिन, काचेचं टेबल, माझ्याहून तरुण साहेब. त्याने बाटली उघडली नाही, वास घेतला नाही, आत काय आहे ते विचारलंही नाही. कॉफी मागवली आणि म्हणाला, "किती वाढ दाखवायची?"

माझ्या आयुष्यात भाव करताना मी गप्प झालो ती ही एकच वेळ. माझ्यासमोर जे हवं होतं तेच ठेवलेलं होतं, आणि घासाघीस करायला काहीच नव्हतं. तो समजला की मी आकडा ठरवतोय, म्हणून त्याने मदत केली, दुप्पट लिहू नका, कोणी विश्वास ठेवत नाही. मी बाटली उचलली आणि कॉफी यायच्या आत निघालो.

ते मला बाईंना सांगायचं होतं. परत येताना माझ्या डोक्यात वाक्यं तयार होती. त्या कशा हसतील, भुसेवाले, मग तुम्ही किती म्हणालात, असं कसं विचारतील, तेही मी ठरवून टाकलं होतं. शुक्रवार होता. मी इस्टेटकडे न वळता सरळ घरी आलो. गल्लीच्या वळणावर आलो तेव्हा ओट्यावरून दोघींचं हसणं ऐकू आलं. आई मासळीबाजारातल्या कोणाची तरी नक्कल करत होती आणि बाई मध्ये मध्ये म्हणत होत्या, थांबा हो, मला श्वास घेऊ द्या.

मला पुढे जाता आलं नाही. मी काय बोललो होतो ते माझ्या पोटात होतं. माझ्या घराच्या ओट्यावर मीच उपरा झालो होतो आणि त्याला कारण मीच होतो, त्यामुळे राग काढायला जागा नव्हती. तिठ्यावर जाऊन मी बाटली हातात घेऊन उभा राहिलो. रिक्षा येऊन बाईंना घेऊन गेली. त्यांनी मला पाहिलं असावं, कारण रिक्षा जराशी थांबल्यासारखी झाली. मी मान वळवली. असे पुढे किती शुक्रवार गेले ते मी मोजले नाहीत. दर शुक्रवारी मी आज बोलायचं असं ठरवायचो, आणि दर शुक्रवारी गोडाऊनवर मला काहीतरी काम निघायचं.

मग प्राण्यांवरच्या प्रयोगांचे नियम कडक झाले. गाळ्यात, पॉलिशवाल्यांच्या डोक्यावर तसली प्रयोगशाळा चालवायला परवानगी राहिली नाही. ते योग्यच असेल. भुशाची मागणी थांबली तेव्हा मला कळलं. मी स्कूटर काढून गेलो. दाराला कुलूप होतं. खालच्या पॉलिशवाल्याने सांगितलं, मॅडम गयी, पंधरा दिन हो गये, घर भी खाली किया. कुठे ते त्याला माहीत नव्हतं.

मी घरी येऊन आईवर तोंड टाकलं. तुला माहीत होतं. तू मला सांगितलं नाहीस. पंधरा दिवस माझ्यासमोर भाकरी थापत होतीस. आई तांदूळ निवडत होती. तिने मला पूर्ण ओरडू दिलं.

मग म्हणाली, बाय शेवटच्या शुक्रवारी आली ती जायचं सांगायलाच. नाशिककडे कुठेतरी, भाचीजवळ. मी म्हंटला, पोराला बोलवतंय, जाताना भेटून जा. तर बायने माझा हात धरला.

"काय म्हणाली?"

आईने सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. बाईंचे शब्द तिने त्यांच्याच भाषेत सांगितले, जसेच्या तसे, कारण ती नकला चांगल्या करायची.

"त्यांना सांगू नका. ते घासाघीस करत बसतील, आणि या वेळी मीही उतरेन."

मी आईला ते पुन्हा म्हणायला लावलं. तिने पुन्हा म्हटलं. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती सूप घेऊन आत गेली.

नाशिकला मी दोनदा जाऊन आलो. भाचीचं नाव आईने विचारलं नव्हतं. लोक म्हणतात, हा माणूस कधी जास्त द्यायला तयार होत नाही. खरं आहे. पण त्या शेवटच्या शुक्रवारी बाईंसमोर बसायला मिळालं असतं, तर मी कुठून सुरुवात केली असती याचा मी अजून विचार करतो. आधी माझं ते एक वाक्य परत घेतलं असतं. मग त्या थांबाव्यात म्हणून काय देऊ केलं असतं ते मला ठरवता येत नाही, दरवेळी आकडा वर जातो.